डोंगरउतारावरच्या प्राचीन प्राणीचित्राची नोंद कशी करावी

भर दुपारी खडकावर कोरलेला प्राणी जवळजवळ दिसत नाही. त्या कातळावरून माणसं वर्षानुवर्षं ये-जा करतात, आणि मग एखाद्या संध्याकाळी ऊन आडवं पडतं तेव्हा आधी पाठीची रेघ उठून दिसते, मग मान, मग शिंगं. स्कॉटलंडमधल्या किल्मार्टिन खोऱ्यात डनक्रेगेग नावाची प्राचीन दफनवास्तू आहे. तिच्या छताच्या शिळेवर खालच्या बाजूने कोरलेली हरणं कोणाच्या लक्षातच आली नव्हती. संध्याकाळी तिथून जाताना एक माणूस टॉर्च घेऊन आत शिरला आणि त्याला ती दिसली. २०२१ मध्ये हा शोध जाहीर झाला, आणि ती हरणं चार ते पाच हजार वर्षांपूर्वीची असावीत असं अभ्यासकांचं मत आहे. तेव्हा असं काही तुम्हालाही दिसू शकतं. दिसलं तर पुढे काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

१. आधी हात आवरा

चित्र नीट दिसावं म्हणून खाचांमध्ये खडू फिरवणं, पाणी ओतणं, ब्रशने घासणं, कागद ठेवून वरून पेन्सिल घासणं, यातलं काहीही करू नका. खडूचे कण दगडाच्या छिद्रांत बसतात आणि पुढच्या तपासण्यांत अडथळा आणतात. त्याहून मोठा तोटा म्हणजे खडूची रेघ हा तुमचा निर्णय असतो. नंतर येणाऱ्याला दगडाऐवजी तुमची रेघ दिसते. नॉर्वेतल्या आल्टा इथल्या खोदचित्रांना पर्यटकांसाठी लाल रंग भरला होता, आणि पुढे तो काढण्याचं काम हाती घ्यावं लागलं.

दगडफूल, म्हणजे खडकावर चिकटून वाढणारा पापुद्रा, खरवडून काढायचा मोह तर फार होतो. पण त्याचे बारीक तंतू दगडाच्या कणांमध्ये शिरलेले असतात. ते ओढलं की दगडाचा वरचा थर, म्हणजे ज्यावर चित्र आहे तोच थर, सोबत निघतो. कडेची माती किंवा गवत उचकटून 'अजून काही आहे का' हेही बघू नका. ते उत्खनन झालं, आणि ते काम परवानगी असलेल्या माणसांचं.

२. परवानगी आणि सोबत

जमीन कोणाची आहे ते विचारा आणि जायची परवानगी घ्या. अंधारात काम करणार असाल तर दिवसाउजेडी एकदा वाट चालून बघा आणि सोबत कोणीतरी असू द्या. चित्रावर पाय देऊ नका. उतारावर तोल जातो तो नेमका कॅमेऱ्यात बघताना.

३. उजेड तिरका पाडा

सगळं काम याच पायरीवर ठरतं, म्हणून इथे वेळ काढा. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा अर्धा-पाऊण तास सर्वांत चांगला. पण उताराचं तोंड कुठे आहे त्यावर बरंच अवलंबून असतं: पूर्वेकडे तोंड असलेल्या कातळावर सकाळचं ऊन समोरून पडतं आणि सगळं सपाट दिसतं. अशा वेळी अंधार पडल्यावर टॉर्च लावणं उत्तम.

टॉर्च दगडाच्या पातळीला जवळजवळ समांतर धरा, दहा-पंधरा अंशांपेक्षा वर नको, आणि दगडापासून दीड-दोन मीटर लांब. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवा आणि टॉर्च चित्राभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत आठ दिशांनी आठ फोटो घ्या. एक दिशा कधीच पुरत नाही, कारण उजेडाच्या दिशेने धावणाऱ्या खाचेला सावली पडत नाही. डावीकडून उजेड असताना पोटाची आडवी रेघ गायब असते आणि पाय ठळक दिसतात. टॉर्च डोक्याच्या वरच्या बाजूला नेली की पाय विरतात आणि पोट उमटतं.

जवळ वाकून बघाल तर रेघ ही सलग रेघ नसते हेही कळेल. कठीण दगडाच्या टोकाने टोचून टोचून केलेल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या खळग्यांची ती माळ असते. काही ठिकाणी खळगे एकमेकांत मिसळलेले, काही ठिकाणी सुटे. अशी जागा सापडली की तिचा मोजपट्टीसह वेगळा फोटो घ्या. कोरलं कसं, याचा पुरावा तिथेच असतो.

४. फोटोंचा क्रम

लांबून एक: डोंगर, उतार आणि खडक कुठे आहे ते दाखवणारा. मग अख्खा खडक, मग अख्खं चित्र, मग बारकावे. चित्राचा प्रत्येक फोटो एकदा मोजपट्टी ठेवून आणि एकदा न ठेवता घ्या. पट्टी चित्राच्या बाजूला ठेवायची, त्यावर नाही.

त्रिमितीय प्रतिकृतीसाठी, म्हणजे फोटोग्रॅमेट्रीसाठी, उलटा नियम आहे. तिथे तिरका उजेड नको, ढगाळ दिवसाचा सारखा उजेड हवा. फ्लॅश बंद, झूम एकच, एक्स्पोजर लॉक, म्हणजे सगळ्या फोटोंत उजळपणा सारखाच. प्रत्येक फोटोचा किमान दोन तृतीयांश भाग शेजारच्या फोटोतही यावा अशा बेताने पुढे सरकत जा. माणसाच्या हाताएवढ्या चित्रालाही पन्नास-साठ फोटो घ्यायला कचरू नका. मेशरूमसारख्या मोफत सॉफ्टवेअरने त्यातून प्रतिकृती तयार होते. तिचा रंग काढून टाकला की संगणकावर हव्या त्या दिशेने उजेड पाडता येतो. मूळ फोटो मात्र जसेच्या तसे जपा.

५. मापं

जीपीएसचा आकडा फोन दोन-चार मिनिटं एका जागी धरून घ्या. तरी काही मीटरचा फरक राहतो, म्हणून ठळक झाड किंवा बांधापासूनचं अंतरही टेपने मोजा. खडकाचा उतार किती अंश, तोंड कुठल्या दिशेला, चित्राची लांबी-उंची, खाचेची रुंदी आणि खोली लिहा. प्राण्याचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला आहे की खालच्या, हे बहुतेक जण लिहायचं विसरतात. मग आलेख कागदावर १:१० प्रमाणात हाताने चित्र काढा. हात चालतो तेव्हा डोळा प्रत्येक रेघेपाशी थांबतो, आणि फोटोत निसटलेलं सापडतं ते इथेच.

६. कोरलेलं कोणतं, निसर्गाचं कोणतं

भेग चित्राच्या पलीकडेही जाते. हिमनदीचे ओरखडे एकमेकांना समांतर असतात, नांगराचा किंवा यंत्राचा ओरखडा ताजा आणि फिकट रंगाचा. खाच आणि भोवतालचा दगड एकाच रंगाचे झाले असतील तर काम जुनं असण्याची शक्यता वाढते, पण त्यावरून वय ठरत नाही.

मी एका चित्राला पहिल्याच संध्याकाळी 'हरिण' असं लिहून टाकलं होतं. त्यानंतर माझे डोळे शिंगंच शोधत राहिले आणि रेखाटनात दोन शिंगं आली. तिसऱ्या भेटीत टॉर्च मागच्या बाजूने धरली तेव्हा दुसरं शिंग डोक्याच्या पुढे हातभर सरळ गेलेलं दिसलं. ती भेग होती. तेव्हापासून रेखाटनात नक्की कोरलेल्या रेषा अखंड काढतो, शंकेच्या तुटक, आणि भेगा वेगळ्या रंगाने.

७. दिसलं ते आणि वाटलं ते

वहीत दोन रकाने करा. पहिल्यात फक्त दिसलेलं: चार पाय, मागचे दोन वाकलेले, डोक्यावर एक वक्र रेघ, शेपूट नाही. दुसऱ्यात तुमचा अंदाज: शेळी? हरिण? नामिबियातल्या ट्वायफेलफोन्टेनला खडकावर कोरलेला एक प्रसिद्ध सिंह आहे. त्याच्या पंजांना पाच-पाच बोटं आहेत, खऱ्या सिंहाच्या ठशात मात्र चारच उमटतात, आणि लांब शेपटीच्या टोकालाही पंजाचा ठसा आहे. नुसतं 'सिंह' लिहून वही मिटली असती तर त्या चित्रातली सगळ्यात विलक्षण गोष्ट नोंदीतून निसटली असती. एक रेघ दुसरीला छेदत असेल तर कोणती वरून गेली आहे तेही पहिल्याच रकान्यात लिहा.

८. कोणाला द्यायचं, कोणाला नाही

फोटो, मापं, रेखाटन, तारीख, वेळ, हवामान आणि टॉर्चची दिशा, सगळं एकत्र करून पुरातत्त्व खात्याकडे किंवा जवळच्या संग्रहालयाकडे द्या. समाजमाध्यमांवर नेमकी जागा टाकू नका, आणि फोटो टाकायचाच असेल तर फाइलमध्ये दडलेली जीपीएसची माहिती आधी काढून टाका. नायजरमधल्या दाबूस इथे खडकावर कोरलेल्या भल्यामोठ्या जिराफांवरून लोक चालले, त्यांवर नावं कोरली गेली, तुकडे चोरीला गेले. शेवटी संरक्षणाच्या कामाचा भाग म्हणून त्यांचे साचे घ्यावे लागले.

नोंद दिल्यावरही वर्षातून एकदा जा. पहिल्या फोटोत जिथे ट्रायपॉड होता तिथेच उभे राहा, त्याच वेळेचं ऊन येऊ द्या आणि तोच फोटो पुन्हा घ्या. दगडफूल किती सरकलं, कुठे कपची उडाली, हे दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं.