नव्या ले-आउटमधल्या रस्त्यासाठी मानकातून सूट मागायची आहे?

आधी खरंच सूट लागणार आहे का ते बघा. कित्येकदा दोन प्लॉटांची हद्द थोडी सरकवली की वळणाची त्रिज्या नियमात बसते आणि अर्ज करायची वेळच येत नाही. मोजणी नकाशा, कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) आणि शहराच्या मानकांची चालू आवृत्ती तुमच्याकडे आहे, असं धरून पुढचं सांगतो.

१. मागणी आकड्यात लिहा. ‘चढाबाबत शिथिलता मिळावी’ ही मागणी नव्हे. ‘कलम अमुक, कमाल चढ १० टक्के, चेनेज १४० ते १९० मीटर या टप्प्यात १२ टक्के ठेवण्यास मान्यता मिळावी’ असं लिहा. (चेनेज म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर.) एका कलमाला एक मागणी. चार सवलती एकाच परिच्छेदात कोंबल्या, की सर्वांत कमकुवत मागणी बाकीच्या तिघींना घेऊन बुडते.

२. मंजुरी कोणाच्या सहीने मिळते ते विचारा. काही सवलती शहर अभियंत्याच्या अखत्यारीत असतात, काही समितीपुढे जातात.

३. अर्जाआधी अग्निशमन दलाकडे जा. अर्ज केल्यानंतर गेलात तर त्यांचा नकार थेट फाइलवर चढतो. अमेरिकेतल्या अनेक शहरांनी स्वीकारलेल्या इंटरनॅशनल फायर कोडमध्ये बंबाच्या वाटेची मोकळी रुंदी किमान २० फूट लागते आणि १५० फुटांहून लांब बंद टोकाच्या वाटेवर बंब वळवायची सोय लागते. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, पण बंबाला पुढे जाता आणि वळता आलं पाहिजे, ही अट सगळीकडे तीच. बंब वळताना त्याची चाकं आणि कोपरे कुठून जातात, ते नकाशावर काढूनच न्या.

४. समर्थन. अर्ज अडकतात ते इथेच, आणि सर्वांत जास्त फुकटचे सल्लेही इथलेच. ‘खर्च वाढतो असं लिहा’, ‘शेजारच्या ले-आउटला दिलीय असं लिहा’. दोन्ही लिहू नका. खर्च तुमचा प्रश्न आहे, शहराचा नाही. आणि शेजारच्याचं नाव काढलंत, की अधिकाऱ्याला पहिली भीती हीच वाटते की उद्या तुमचं नाव सांगत तिसरा येईल.

अडचण जमिनीतून आलेली दिसली पाहिजे: उतार, नाला, खडक, आधीच पक्क्या झालेल्या रस्त्याची पातळी. दोन प्लॉट जास्त बसवायचे म्हणून रस्ता आखडला असेल, तर ते नकाशावर लगेच कळतं. तपासणारा प्लॉटांची संख्याही मोजतो. म्हणून नियमात बसणारा पर्यायही काढून जोडा. दहा टक्क्यांत बसवायला किती खोल खोदावं लागतं, त्यात किती झाडं जातात, प्लॉटचं फाटक रस्त्यापासून किती उंचावर राहतं, हे एका छेदात, म्हणजे जमीन आणि रस्ता उभा कापून काढलेल्या चित्रात, दाखवा. पानभर विनवणीपेक्षा तो छेद जास्त बोलतो.

मग मुख्य मुद्दा: ते कलम कशासाठी आहे ते ओळखा आणि तो हेतू दुसऱ्या मार्गाने कसा साधणार ते सिद्ध करा. चढाच्या कलमामागे गाडी वेळेत थांबणं हे एक मोठं कारण असतं. मग तेच गणित मांडा. ताशी ३० किलोमीटर वेग आणि २.५ सेकंदांचा प्रतिक्रियेचा काळ धरला, तर ब्रेक लागेपर्यंतच गाडी सुमारे २१ मीटर जाते. घर्षण गुणांक (टायरची रस्त्यावरची पकड) ०.४० धरून सपाटीवर थांबायला एकूण ३० मीटर लागतात, १२ टक्के उतारावर सुमारे ३४. म्हणजे तेवढं अंतर चालकाला स्वच्छ दिसतं, आणि उताराच्या पायथ्याशी चौक येत नाही, हे दाखवलं की चर्चा मुद्द्यावर येते.

रुंदी कमी करत असाल तर पार्किंगबंदीचा फलक हा उपाय म्हणून मांडू नका. रात्री तिथे गाड्या लागतातच, आणि ते तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं. गाड्यांसाठी वेगळे कप्पे काढा. ‘अरुंद रस्त्यावर वाहनं हळू चालतात’ हा मुद्दा खरा आहे, जरूर मांडा; पण बंबाच्या वाटेचं उत्तर त्याने मिळत नाही. फूटपाथ कापून रुंदी साधायची युक्ती तर माझ्यासमोर काढूच नका.

५. वेळ साधा. प्राथमिक आराखड्यासोबतच अर्ज द्या. प्लॉटांचे नंबर पक्के झाल्यावर मागितलेली सूट म्हणजे केलेल्या चुकीवर पांघरूण, असंच वाचलं जातं.

६. सादर करा, पोच घ्या. शेरे आले तर प्रत्येक शेऱ्याला त्याच क्रमाने उत्तर द्या.

७. मंजुरीनंतर अटी नीट वाचा. मुदत असेल तर ती कधी संपते ते टिपून ठेवा. मंजुरीपत्राचा क्रमांक, तारीख आणि अटी त्या रस्त्याच्या प्रत्येक नकाशावर छापा. साइटवरच्या ठेकेदाराच्या हातात फक्त नकाशा असतो, आणि रस्ता ताब्यात घ्यायला येणारा अभियंता बहुधा मंजुरी देणाऱ्यापेक्षा वेगळा असतो.