परतीच्या पावसातला मका आणि मुंबईची दमट हवा

कणीस परतीच्या पावसात भिजलं आणि दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी चढली, की ती बहुधा ॲस्परजिलस फ्लेव्हस असते. तिच्यापासून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन यकृताला बाधतं. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमाभागात असा मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली होती. बुरशी पुसली, दाणा धुतला, भाजला तरी विष जात नाही.

दाण्याच्या बुडाशी काळा थर दिसला की पीक तयार. पण तेव्हाही ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास असतो. कणसांचा ढीग घालू नका, आत उबारा धरतो. उघडीप मिळताच ताडपत्रीवर, तेही चार-पाच सेंटिमीटरचाच थर, आणि दर तासाला हलवणी. मळणीयंत्र ओल्या कणसावर चालवलं तर दाणे फुटतात आणि बुरशी फुटक्या दाण्यातच आधी शिरते. चाळून ते वेगळे काढा.

ओलावामापक नसेल तर तव्यावर कोरडं केलेलं मीठ थंड करून काचेच्या कोरड्या बाटलीत दोन-तीन चमचे घाला, तिसरा हिस्सा मका भरा, मिनिटभर हलवून पंधरा मिनिटं ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. नाही चिकटलं म्हणजे काम झालं, असं मात्र नव्हे. साठवणीला १२ टक्के लागतात. आणखी उन्हं द्या.

खरी फसगत पुढे होते. नाशिक, जळगावचा खडखडीत मका वाशीच्या गोदामात तागाच्या गोणीत पडून राहिला की पावसाळी हवेतला दमटपणा ओढून घेतो. लाकडी फळ्या, भिंतीपासून अर्धा मीटर अंतर, आणि हवाबंद आतली पिशवी. पण ही पिशवी पुरता वाळलेल्या मालालाच. ओला भरलात तर आत घाम धरेल.

गोरेगाव, जोगेश्वरीच्या तबेलेवाल्यांनी भरडा आठ-दहा दिवसांपुरताच घ्यावा. म्हशीने खाल्लेलं विष दुधात अफ्लाटॉक्सिन एम१ होऊन उतरतं आणि दूध उकळूनही टिकतं. कायद्याने मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. कुबट वासाचा भरडा चांगल्यात मिसळून खपवू नका, कोंबड्यांनाही घालू नका. गुरं पोहोचणार नाहीत असा खोल पुरा.