एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस सी पण निघालाय? मग या चुका टाळा

एआरटी (एचआयव्हीच्या औषधांच्या) सेंटरवर काउन्सेलिंग करते, नऊ वर्षं झाली. माणसं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात आधी, हिपॅटायटिस सी ची अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच रडारड. अहो, ती टेस्ट एवढंच सांगते की सी कधीतरी अंगात शिरला होता. आत्ता आहे का हे आरएनए टेस्टवरून कळतं, ती थेट विषाणूच शोधते. काहींचा तर आपोआप जातो. बरं झाल्यावरही अँटीबॉडी जन्मभर पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे दर सहा महिन्यांनी तीच टेस्ट करून घाबरणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. उलट सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) फार कमी असेल तर अँटीबॉडी निगेटिव्ह येऊनही आत सी असू शकतो.

आता माझा जुना राग. लिव्हरच्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवणं. 2019 मधली गोष्ट, आमच्याकडचा एक गॅरेजवाला दादा. बाहेरच्या डॉक्टरांनी विचारलं, अजून काय औषधं चालू आहेत? हा म्हणाला, फक्त बीपीची. त्यांनी बिचाऱ्यांनी सी चं औषध सोफोसबुविर-वेल्पाटासविर लिहून दिलं, आणि हा रात्री आमची एचआयव्हीची एफाविरेन्झवाली गोळी घेतोय! एफाविरेन्झमुळे लिव्हर वेल्पाटासविर भराभर संपवून टाकतं, रक्तात ते पुरेसं उरतच नाही, म्हणून ही दोन्ही एकत्र देतच नाहीत. 12 आठवडे एक गोळी न चुकवता घेतली, पदरचे पैसे घातले, आणि नंतर आरएनए परत पॉझिटिव्ह. त्यामुळेच झालं असं कोणी छातीठोक सांगणार नाही, पण मला विचाराल तर त्यामुळेच. मग एआरटी बदलून डोल्युटेग्राविरवर आणलं, आणि सी चा कोर्स पुन्हा, या वेळी 24 आठवडे, सोबत रिबाविरिन, त्याने हिमोग्लोबिन उतरलं, सारख्या सुया. बरा झाला शेवटी. "तेव्हाच बोललो असतो तर ताई," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून माझी एक सवय, पिशवी टेबलावर उपडी करायला लावते. नावं विचारत बसत नाही, लोक विसरतात नाहीतर लपवतात. बीपी, शुगर, झोपेची, टॉनिक, सगळ्या स्ट्रिप बाहेर. या दादाच्या पिशवीतून स्पार्क प्लगही निघाला होता.

दुसरा राग, "लिव्हरला आराम" म्हणून स्वतःच्या मनाने एआरटी बंद करणारे. कोणी सांगितलं हो? एचआयव्ही मोकाट सुटला की सी मुळे लिव्हर आणखी लवकर कडक होतं. शिवाय टीएलडी, म्हणजे डोल्युटेग्राविरवाली एआरटीची गोळी, तिच्यातलं टेनोफोविर आणि लॅमिवुडिन हिपॅटायटिस बी लाही दाबून ठेवतं, आत बी असेल आणि गोळी सोडली तर तो उसळतो. सी च्या औषधांनीही बी जागा होऊ शकतो, म्हणून कोर्सच्या आधी एचबीएसएजी (बी ची रक्ततपासणी) करतात, ती टाळू नका.

बाकीचं पटापट. टीबीची रिफाम्पिसिन आणि सोफोसबुविर एकत्र चालत नाही, आधी टीबी आटपतात. वेल्पाटासविर चालू असताना रोज सकाळी सवयीने ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल नको, आधी विचारा. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या टीएलडीनंतर दोन तासांनी. कावीळ उतरवायला गावी जाऊन नाकात थेंब घालून घेणं, यावर मी बोलतच नाही, बीपी वाढतं.

दोन डब्या संपल्या, बरं वाटतंय म्हणून तिसरी न नेणारे घाईवाले तर दरवर्षी भेटतात. औषध राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात 2018 पासून फुकट मिळतं, तरी न्यायला कंटाळा! कोर्स संपल्यावर 12 आठवड्यांनी परत आरएनए करायचं, तो निगेटिव्ह आला की मगच पेढे. आणि सिरोसिस झालेला असेल तर सी गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच, कारण लिव्हर कॅन्सरचा धोका सी सोबत निघून जात नाही. पुढच्या तपासणीची तारीख मी एआरटीच्या हिरव्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरच मोठ्या अक्षरात लिहून देते, आतल्या पानावर लिहिलेलं कोणी बघत नाही.