बाळाचे दात येताना

कापूस वेचणीच्या दिवसांत बाया तान्ह्यांना धुऱ्यावरच्या झोळीत निजवतात. मी गावची आशा सेविका, तिथंच हिरड्या बघते. हात साबणानं धुवायचे, मग करंगळी खालच्या हिरडीवरून हलकेच फिरवायची. तांदळाच्या कणीसारखं टोचलं, की दात आला समजा. बहुतेकांना ६ ते १० महिन्यांत खालचे मधले दोन येतात, मग वरचे. पहिल्या दाढा वर्षानंतर, सुळे त्यांच्या मागून; ३ वर्षांपर्यंत २० पुरे.

लाळ गळते, लेकरू आईचा पदर चावतं. उकळून माठात गार केलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं भिजवा, पिळून चावायला द्या. हिरडीला मध चोळू नका.

"दाताची हगवण हाय, होईल बरी," माझी सासूही हेच म्हणे. दातानं हगवण लागत नाही. या वयात लेकरू मातीतलं सगळं तोंडात घालतं, त्यानं लागते. लगेच ओआरएसची पुडी न्या, अंगावरचं दूध चालूच ठेवा. ताप चढला तर थेट दवाखाना.

पहिला दात दिसला की मऊ ब्रश, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, सकाळी आणि निजताना. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट माझ्यादेखत तरी देऊ नका बाई!