घाबरल्यावर श्वास पुरत नाही? या चुका टाळा

सकाळची फास्ट लोकल. ठाणं सुटलं की पुढचं स्टेशन थेट घाटकोपर. मुलुंड मागे पडलं आणि मला वाटलं, श्वास आतच जात नाहीये. तोंड उघडून मोठा श्वास घेतला, पुरला नाही. आणखी एक घेतला. बोटांना मुंग्या आल्या, ओठांभोवती बधिर झालं, डोकं हलकं झालं. डब्यातल्या बायकांनी मला खिडकीशी बसवलं, पाणी दिलं. सगळ्या एकच सांगत होत्या, "ताई, मोठा श्वास घ्या, मोठा!" मायेनेच सांगत होत्या. पण मी नेमकं तेच करत होते आणि त्यानेच सगळं वाढत होतं.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, सगळं नीट निघालं. त्यानंतर वर्षभर मी ज्या चुका केल्या, त्याच आता आजूबाजूच्या कितीतरी जणांना करताना पाहते, म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. इथे लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घेतलेलं आणि स्वतः करून पाहिलेलं आहे.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: हवा कमी पडतेय असं समजणं

बसल्या जागी मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, श्वास भराभर आणि छातीच्या वरच्या भागातून चालू होतो. पण आपण तर बाकावर बसलेलो असतो, एवढ्या हवेची गरजच नसते. मग गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रक्तातलं त्याचं प्रमाण घसरलं की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर येते, मुंग्या येतात, आणि गंमत म्हणजे श्वास अपुरा असल्याची भावना आणखी वाढते. ऑक्सिजन मात्र त्या वेळी बहुधा पुरेसा असतो. म्हणजे श्वास कमी पडत नसतो, जास्त होत असतो.

हे एकदा मनात पक्कं बसलं की उपाय उलटा का आहे ते कळतं. आधी श्वास सोडायचा. गरम चहा बशीत ओतून आपण त्यावर फुंकर घालतो, तशी ओठ जरा मिटून हलकी, लांब फुंकर. मग तोंड बंद करून नाकाने छोटासा श्वास. छाती फुगवायची नाही, खांदे उचलायचे नाहीत, पोटावर ठेवलेला हात थोडा वर आला की पुरे. घेताना मनात तीन आकडे, सोडताना पाच किंवा सहा. अशी चार-पाच मिनिटं. सोडण्याचा वेळ लांबला की हृदयाची गतीही खाली यायला मदत होते. पहिल्या मिनिटात "छे, पुरत नाहीये, एक मोठा घेतेच" अशी ऊर्मी येईल. तिथेच थोडं सोसायचं. ती ऊर्मी ओसरते.

आकडे मोजताना आणखी गोंधळ होत असेल, तर आमच्या आजीच्या पिढीची वाट धरा. पाठ असलेलं स्तोत्र किंवा हरिपाठ हलक्या आवाजात म्हणा. बोलताना माणूस श्वास सोडतच असतो, त्यामुळे तो आपोआप लांबतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला होता. श्रद्धा असो वा नसो, पाढे म्हटले तरी चालतील.

प्राणायामातही इथेच घोटाळा होतो. जीव घाबरा झालाय आणि कोणीतरी कपालभाती किंवा भस्त्रिका करायला सांगतं. दोन्ही जलद श्वासाचे प्रकार, त्या क्षणी नकोतच. श्वास रोखून धरणंही नको. भ्रामरी चालेल, सावकाश अनुलोम-विलोमही चालेल. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना सल्लाही सोडून द्या. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असला, तर पिशवी जिवावर बेतू शकते.

न तपासता 'टेन्शनच आहे' म्हणणं

ही चूक विशेषतः बायकांच्या बाबतीत घरोघरी होते. रक्त कमी असेल, थायरॉइड वाढलेला असेल, दमा असेल, तरी धाप लागते आणि धडधडतं. पहिल्यांदाच असं झालं असेल, तर तपासणी आधी, श्वासाचे व्यायाम नंतर. छातीवर दाब येतोय, घाम फुटलाय, वेदना हात, जबडा किंवा पाठीकडे जाते आहे, ओठ निळे पडलेत, शुद्ध हरपते आहे, तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा. जिना चढताना दम लागून थांबल्यावर बरं वाटणं, आडवं पडल्यावर श्वास कोंडणं, एका पायाला सूज येऊन धाप लागणं, ही लक्षणंही घरी निस्तरायची नाहीत. घाबरल्याचा झटका बहुधा दहाएक मिनिटांत टिपेला जाऊन अर्ध्या तासात ओसरू लागतो. तसं झालं नाही, तर दवाखाना गाठा.

बोटाला सतत ऑक्सिमीटर

कोविडपासून घरोघरी पडलेलं ते यंत्र मी पर्समध्ये ठेवत होते. ९८ दिसलं की दोन मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा बोट आत. गार बोटं किंवा नेलपॉलिश असली की आकडा चुकतो आणि मग काळजाचा ठोकाच चुकतो. शिवाय आकडा चांगला आहे म्हणजे हृदय ठीक आहे, असंही नाही. डॉक्टरांनी वापरायला सांगितलं नसेल, तर ते कपाटात ठेवा. रात्री फोनवर लक्षणं शोधत बसणं हा त्याचाच दुसरा अवतार.

त्रास झाला ती जागा टाळणं

मी फास्ट लोकल सोडली. मग स्लोसुद्धा दाराशी उभं राहता आलं तरच. मग सुट्ट्या. टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायशा वाटण्यातूनच भीती मुरते. परत येताना पायऱ्या लहान ठेवाव्या लागल्या. दुपारच्या रिकाम्या गाडीने ठाणे ते मुलुंड आणि परत. चार दिवस तेवढंच. मग भांडुप, मग घाटकोपर, आणि शेवटी सकाळची फास्ट. प्रत्येक वेळी छातीत धडधडलं, पण उतरले नाही. दोन-तीन स्टेशनांत ते आपोआप खाली यायचं.

व्यायामाचंही तसंच. धाप लागेल म्हणून लोक चालणं बंद करतात. डॉक्टरांनी हृदय ठीक सांगितलं असेल, तर ठाण्यातल्या तलावपाळीला किंवा उपवनला, नाहीतर तुमच्या जवळपास, रोज अर्धा तास चाला. चालताना लागणारी धाप साधी असते, हे शरीराला पुन्हा शिकवावं लागतं. श्वासाचा सरावही असाच बरं वाटत असताना रोज दहा मिनिटं करायचा. फक्त झटका आल्यावर आठवलात तर जमणार नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. उपाशीपोटी दोन कप चहा आणि दुपारी कॉफी, यानेही धडधड वाढते. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळचा चहा आधी सोडा. अश्वगंधा 'नैसर्गिक आहे' म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका. थायरॉइडचा त्रास, यकृताचा आजार, गरोदरपण किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर अजिबात नाही. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून अचानक थांबवू नका.

घरच्यांसाठी एक विनंती. "मन घट्ट कर, काही होत नाही तुला" असं म्हणू नका. शेजारी बसा, गर्दी हटवा आणि म्हणा, "मी इथेच आहे, हळू सोड." तुमचा स्वतःचा श्वास सावकाश ठेवलात, तर समोरच्यालाही सोपं जातं.

झटके वारंवार येत असतील, झोप उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर एकट्याने झुंजू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 'तिथे वेडे जातात' हा समज तेवढा मनातून काढा. जाताना एका कागदावर लिहून न्या: झटका कधी आला, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, किती वेळ टिकला, तेव्हा बसलेले होतात की चालत होतात.