सिक्युरिटी प्लससाठी रिमोट ॲक्सेस ट्रोजन आणि अंतर्गत धोका: अभ्यास कसा करावा

कॉम्प्टिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस या संगणक-सुरक्षेच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या अभ्यासक्रमात रिमोट ॲक्सेस ट्रोजन, म्हणजे हल्लेखोराला दुरून संगणक चालवू देणारा छुपा प्रोग्रॅम, मालवेअरच्या (घातक सॉफ्टवेअरच्या) भागात येतो आणि अंतर्गत धोका, म्हणजे संस्थेतल्याच माणसाकडून होणारा धोका, हल्लेखोरांच्या प्रकारांत येतो. त्यामुळे बहुतेक विद्यार्थी हे दोन विषय वेगवेगळ्या आठवड्यांत वाचतात आणि दोन्हींच्या व्याख्या स्वतंत्रपणे पाठ करतात. परीक्षेत मात्र नुसती व्याख्या क्वचितच विचारली जाते. तिथे चार-पाच ओळींचा प्रसंग दिलेला असतो आणि त्यात दिसणारी लक्षणे दोन्ही धोक्यांना लागू पडतात: रात्री उशिरा झालेली हालचाल, बाहेर गेलेल्या फाइली, लॉगमधून, म्हणजे संगणक आपोआप ठेवतो त्या नोंदवहीतून, मध्येच गायब झालेल्या नोंदी. म्हणून हे दोन विषय एकत्र वाचावेत आणि प्रत्येक प्रसंग वाचताना सर्वांत आधी एकच गोष्ट तपासावी: हे खाते वापरण्याची परवानगी ज्याला दिली होती, तोच माणूस या क्षणी ते वापरत आहे का?

परीक्षेचा आराखडा थोडक्यात असा आहे. एसवाय०-७०१ ही आवृत्ती ७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि १०० ते ९०० या मापावर उत्तीर्ण होण्यासाठी ७५० गुण लागतात. धोके, असुरक्षितता आणि उपाय या विभागाला २२ टक्के, तर सुरक्षा संचालनाला २८ टक्के वजन आहे, आणि आपले दोन्ही विषय मुख्यतः याच दोन विभागांत विखुरलेले आहेत. आधीच्या ६०१ आवृत्तीच्या यादीत रिमोट ॲक्सेस ट्रोजनचा नावाने वेगळा उल्लेख होता. ७०१ च्या मालवेअर यादीत नुसते ‘ट्रोजन’ आहे. जुनी पुस्तके वापरणाऱ्यांनी यावरून हा भाग वगळला गेला असा निष्कर्ष काढू नये, कारण ट्रोजन ओळखायला सांगणाऱ्या प्रसंगात दूरस्थ नियंत्रणाची लक्षणे सहज येऊ शकतात. परीक्षेची तारीख घेण्यापूर्वी कॉम्प्टियाच्या संकेतस्थळावरून चालू आवृत्तीची उद्दिष्टांची यादी उतरवून घ्यावी आणि तीच प्रमाण मानावी.

रिमोट ॲक्सेस ट्रोजन, म्हणजे बोलण्यातला रॅट, समजून घेताना सुरुवात जोडणीच्या दिशेपासून करावी. १९९८ मध्ये आलेली नेटबस आणि बॅक ओरिफिस ही साधने बळीच्या संगणकावर एक पोर्ट (जोडणीसाठीचे क्रमांकित दार) उघडून वाट पाहत बसत आणि हल्लेखोर बाहेरून त्या पोर्टला जोडला जात असे. नेटबसचे १२३४५ आणि बॅक ओरिफिसचे ३१३३७ हे पोर्ट क्रमांक अजूनही अनेक नोट्समध्ये ठळक अक्षरांत सापडतात. ते पाठ करण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरोघरी आणि कार्यालयांत नॅट (आतल्या संगणकांचे पत्ते बाहेरच्या जगापासून झाकणारी सोय) आणि फायरवॉल आल्यानंतर बाहेरून आत येणारी जोडणी अडू लागली, आणि रॅट लिहिणाऱ्यांनी दिशाच उलटी केली: आता संसर्ग झालेला संगणक स्वतःच बाहेरच्या नियंत्रण सर्व्हरला हाक मारतो, आणि तीही बहुधा ४४३ सारख्या पोर्टवरून, जिथली कूटबद्ध वाहतूक नेहमीच्या वेब ब्राउझिंगमध्ये मिसळून जाते. ही एक गोष्ट नीट समजली की पुष्कळ उत्तरे आपोआप सुटतात. आत येणारी वाहतूक अडवणारा नियम इथे पुरेसा का नाही, बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर नियंत्रण का लागते, आणि ठरावीक अंतराने एकाच पत्त्यावर जाणारी माहितीची छोटी पाकिटे संशयास्पद का मानली जातात, या सर्वांचे मूळ या उलट्या दिशेत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे रॅट आणि त्याच्या शेजारच्या मालवेअरमधला फरक. कीलॉगर टाइप केलेल्या अक्षरांची नोंद घेतो आणि स्पायवेअर माहिती गोळा करून बाहेर पाठवते. रॅटमध्ये मात्र दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस आज्ञा देतो आणि संगणक त्या पाळतो. त्यामुळे प्रसंगात कॅमेरा सुरू होणे, फाइली हलवल्या जाणे, नवीन प्रोग्रॅम चालू होणे अशा क्रिया एकामागोमाग दिसत असतील, तर उत्तर रॅटकडे झुकते. पर्यायांत कीलॉगरही असेल, तर कीलॉगिंग हे रॅटच्या अनेक कामांपैकी एक असू शकते, हे ध्यानात ठेवून अधिक व्यापक पर्याय निवडावा.

उदाहरणे दोन-तीनच घ्यावीत, पण खोलवर. २००९ मध्ये उघड झालेले घोस्टनेट हे त्यांपैकी पहिले. दलाई लामांच्या कार्यालयाच्या संगणकांच्या तपासातून सुरू झालेल्या या संशोधनात १०३ देशांतील १,२९५ संगणक बाधित आढळले आणि त्यामागे घोस्ट रॅट हे साधन होते. दुसरे, मार्च २०११ मध्ये आरएसए या सुरक्षा कंपनीत झालेली घुसखोरी: नोकरभरतीच्या आराखड्याच्या नावाने आलेली एक्सेल फाइल उघडली गेली, तिच्यातल्या फ्लॅशच्या त्रुटीतून पॉयझन आयव्ही हा रॅट बसला आणि तिथून हल्लेखोर पुढच्या सर्व्हरांपर्यंत पोहोचले. दोन्ही ठिकाणी आतल्या कर्मचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, हे लिहून ठेवावे. पुढे ते कामाला येईल.

अंतर्गत धोक्याकडे वळताना प्रथम त्याचे तीन प्रकार वेगळे करावेत. पहिला माणूस जाणूनबुजून नुकसान करतो, दुसरा निष्काळजी असतो, आणि तिसऱ्याचे खाते दुसऱ्याच कोणाच्या हाती गेलेले असते. सिक्युरिटी प्लसमध्ये हल्लेखोराचा प्रकार म्हणून जो अंतर्गत धोका विचारतात, तो मुख्यतः पहिला असतो आणि त्याच्यासमोर सूड, आर्थिक लाभ, हेरगिरी अशा प्रेरणा जुळवाव्या लागतात. निष्काळजीपणा हा जागृती प्रशिक्षणाच्या भागात येतो. तिथे धोकादायक, अनपेक्षित आणि अनवधानाने घडलेले वर्तन ओळखणे हा स्वतंत्र मुद्दा आहे. हल्लेखोरांच्या प्रकारांच्या यादीत ‘शॅडो आयटी’, म्हणजे संस्थेच्या परवानगीशिवाय वापरलेले सॉफ्टवेअर किंवा उपकरण, वेगळे दिलेले आहे आणि ते विद्यार्थ्यांना हमखास फसवते. घरून काम सोपे व्हावे म्हणून कोणी परवानगी न घेता कार्यालयाच्या संगणकावर एनीडेस्क हे दुरून संगणक वापरण्याचे सॉफ्टवेअर बसवले, तर जोडणी दूरस्थ असूनही तो रॅट नाही, आणि माणूस आतला असूनही दुष्ट हेतूचा अंतर्गत धोका नाही. ते शॅडो आयटी आहे.

मराठी वाचकाला अंतर्गत धोक्याचा अभ्यास करण्यासाठी परदेशी उदाहरणे शोधत बसण्याची गरज नाही. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतील गैरव्यवहार फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झाला, तेव्हा सुरुवातीचा आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता. हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांमधील संदेशप्रणालीतून बाहेर जात होते, पण स्विफ्ट बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीशी जोडलेली नसल्यामुळे त्यांची नोंद तिथे उमटत नव्हती. बदल्यांची पद्धत असूनही संबंधित अधिकारी वर्षानुवर्षे त्याच शाखेत होता, आणि तो निवृत्त झाल्यानंतर नव्या कर्मचाऱ्याने नियमानुसार तारण मागितल्यावर प्रकरणाला तोंड फुटले. यात कुठेही मालवेअर नाही, कुठेही पासवर्ड फोडलेला नाही. कामाची विभागणी, कामाची अदलाबदल, सक्तीची रजा आणि किमान अधिकार या चार नियंत्रणांची नावे कोरडी वाटत असतील, तर या प्रकरणाच्या एकेका टप्प्यासमोर एकेक नियंत्रण लिहून पाहावे. रिझर्व्ह बँकेने संवेदनशील पदांवरील बँक कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान दहा कामकाजी दिवसांची, पूर्वसूचना न देता लागू होणारी रजा २०२१ च्या परिपत्रकाने बंधनकारक केली, यामागचा तर्कही त्यातून उलगडतो: सतत हाताने झाकून ठेवावा लागणारा गैरव्यवहार हात दूर झाला की उघडा पडतो.

नोकरी सोडणाऱ्या किंवा काढल्या गेलेल्या माणसाचा प्रसंग वेगळा तयार करावा. अमेरिकेतील फॅनी मे या गृहकर्ज संस्थेत ऑक्टोबर २००८ मध्ये काढून टाकलेल्या एका कंत्राटी अभियंत्याचे अधिकार तत्काळ बंद झाले नाहीत, आणि त्या अवधीत त्याने ३१ जानेवारी २००९ रोजी सुरू होईल असा लॉजिक बॉम्ब, म्हणजे ठरलेली अट पूर्ण होताच नुकसान करणारा छुपा कोड, पेरला. दुसऱ्या अभियंत्याच्या नजरेस तो पडला म्हणून हजारो सर्व्हर वाचले. ‘ठरावीक तारखेला’ किंवा ‘अमुक नाव यादीतून गेल्यावर’ असे शब्द प्रसंगात आले की लॉजिक बॉम्ब, आणि नियंत्रण विचारले असेल तर सेवासमाप्तीच्या वेळीच खाते बंद करण्याची प्रक्रिया, अशी जोडी बसवावी.

आता खरा अवघड भाग. रॅटमार्फत केलेली कृती त्या वापरकर्त्याच्या चालू सत्रातच घडते. विंडोजच्या सुरक्षा लॉगमध्ये यशस्वी लॉगिनची नोंद ४६२४ या क्रमांकाने पडते आणि रिमोट डेस्कटॉपने कोणी आले असेल तर लॉगिनचा प्रकार १० असा दिसतो. पण रॅटने फाइल उघडली तर अशी कोणतीही नवी लॉगिन नोंद होण्याचे कारण नसते, आणि लॉग पाहणाऱ्याला सर्व काही त्या कर्मचाऱ्यानेच केल्यासारखे दिसते. हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. एल्गार परिषद प्रकरणात अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक कंपनीने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात, एका आरोपीच्या लॅपटॉपवर नेटवायर या रॅटच्या साहाय्याने कागदपत्रे ठेवली गेली असा दावा केला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. दाव्याचा निवाडा न्यायालयाचा आहे, परंतु खाते आणि माणूस यांची गाठ लॉगवरून आंधळेपणाने बांधता येत नाही, एवढे अभ्यासकाने त्यातून घ्यावे.

मग दोघांत फरक कसा करावा? कर्मचारी स्वतः फाइली नेत असेल तर तो बहुधा स्वतःच्या अधिकाराच्या कक्षेत, ओळखीच्या प्रोग्रॅममधून, पेनड्राइव्ह किंवा खासगी क्लाउडचा मार्ग वापरतो. अशा वेळी डेटा गळती रोखणारी प्रणाली आणि वापरकर्त्याच्या वर्तनाचे विश्लेषण ही उत्तरे योग्य ठरतात. रॅट असेल तर अनोळखी प्रक्रिया, संगणक सुरू होताच आपोआप चालू होण्यासाठी तिने केलेली सोय आणि बाहेरच्या पत्त्याशी नियमित संपर्क या तीन खुणा शोधाव्यात; तिथे ईडीआर (प्रत्येक संगणकावरील हालचालींवर लक्ष ठेवून धोका रोखणारी प्रणाली) हे उत्तर अधिक जवळचे असते. एकच खाते सकाळी दहाला नाशिकहून आणि साडेदहाला दुसऱ्या खंडातून वापरले गेले, तर तो अशक्य प्रवास आहे आणि खाते चोरीला गेल्याचा अंदाज करावा. ‘कर्मचारी’ हा शब्द वाचून अंतर्गत धोक्याच्या पर्यायाकडे धाव घेऊ नये.

प्रात्यक्षिकासाठी खरे रॅट उतरवून चालवू नयेत. इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘मोफत’ रॅट तयार करणाऱ्या साधनांतच मागचा दरवाजा ठेवलेला असू शकतो, आणि दुसऱ्याच्या संगणकावर त्यांचा प्रयोग केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याऐवजी व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन आभासी संगणक बाहेरच्या जगापासून तोडलेल्या जाळ्यात ठेवावेत. एकावर साधा वेब सर्व्हर सुरू करावा आणि दुसऱ्यावर दर मिनिटाला त्या सर्व्हरचे एक पान मागणारे नियोजित काम लावावे. हे निरुपद्रवी काम वायरशार्क या जाळ्यातील वाहतूक दाखवणाऱ्या साधनात पाहिले की बीकनची, म्हणजे नियंत्रण सर्व्हरला ठरावीक अंतराने मारल्या जाणाऱ्या हाकेची, नियमित ठोक डोळ्यांना ओळखीची होते. त्यानंतर सिसइंटरनल्स या विंडोजच्या साधनसंचातील ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी दाखवणारे) आणि टीसीपीव्ह्यू (चालू जोडण्या दाखवणारे) उघडून तेच नियोजित काम आणि तीच जोडणी शोधून काढावी, आणि सिसमॉन हे सविस्तर नोंदी ठेवणारे साधन बसवून प्रक्रिया सुरू झाल्याची १ क्रमांकाची आणि जाळ्यातील जोडणीची ३ क्रमांकाची नोंद एकमेकींशी जुळवावी. कोणत्या प्रक्रियेने कोणत्या पत्त्याला हाक मारली, हे सांगणारी ही जुळणीच वरच्या अवघड प्रश्नाचे उत्तर देते. शेवटी सुरक्षा लॉग मुद्दाम पुसून ११०२ ही नोंद उमटते का ते पाहावे. पुसणाऱ्याचीही नोंद राहते, हे एकदा स्वतः पाहिले की विसरत नाही.

‘सर्वप्रथम काय कराल’ या धाटणीच्या प्रश्नांत दोन्ही धोक्यांची उत्तरे वेगळी असतात. रॅटचा संशय असेल तर संगणक जाळ्यापासून वेगळा करावा, पण बंद करू नये, कारण स्मृतीतील पुरावा वीज जाताच नष्ट होतो. आतल्या माणसाचा संशय असेल तर त्याला जाब विचारण्याआधी पुरावे जतन करून मनुष्यबळ आणि विधी विभागाला सोबत घ्यावे. भारतात नोकरी करणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरवलेल्या घटना कळल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. परीक्षेत हे येणार नाही, मुलाखतीत मात्र येऊ शकते.

सरावाचा शेवटचा प्रसंग म्हणून नोबीफोर या अमेरिकी कंपनीने जुलै २०२४ मध्ये स्वतःहून जाहीर केलेली घटना घ्यावी. चोरलेली ओळख आणि एआयने बदललेले छायाचित्र वापरून उत्तर कोरियाचा एक माणूस चार व्हिडिओ मुलाखती पार करून सॉफ्टवेअर अभियंता म्हणून रुजू झाला, आणि कंपनीने पाठवलेला संगणक हाती पडताच रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या साहाय्याने त्यावर मालवेअर चढवू लागला. सुरक्षा पथकाने सुमारे २५ मिनिटांत तो संगणक वेगळा केला. कागदावर खूण आणि नियंत्रण असे दोन स्तंभ आखून, यातील कोणती खूण अंतर्गत धोक्याची, कोणती दूरस्थ नियंत्रणाची आणि कोणती परराष्ट्राच्या हस्तकाची, ते लिहावे, आणि प्रत्येक खुणेसमोर तिला अडवू शकणारे नियंत्रण नोंदवावे. ओळख पडताळणी, संगणक नेमक्या कोणत्या पत्त्यावर पाठवायचा याची छाननी, नव्या कर्मचाऱ्याला सुरुवातीला दिलेले मर्यादित अधिकार आणि ईडीआर यांपैकी प्रत्येकाची जागा वेगळी निघेल. ती न बघता भरता आली, तर या भागावरच्या सराव परीक्षा सोडवायला घ्याव्यात.