वस्तरे दुरुस्तीची फिरती धोकटी

माझ्या धोकटीत मोटर नाही. लोक सगळ्यात आधी तेच विचारतात, म्हणून आधी सांगून टाकते. हातात धरायचं फिरकं पॉलिश यंत्र झटपट चकाकी देतं खरं, पण चांगल्या पोकळ (म्हणजे दोन्ही अंगांनी खोलगट घासलेल्या) वस्तऱ्याचं पातं धारेजवळ इतकं पातळ असतं की नखाने हलकं दाबलं तरी लवतं. तिथे उष्णता पळून जायला जागाच नसते. पोलादावर पिवळसर छटा दिसली म्हणजे तापमान 200 अंश सेल्सिअस ओलांडून गेलं, निळी दिसली म्हणजे 300च्या आसपास पोचलं. त्या जागेचं पाणी उतरलं, ती पुन्हा धार धरणार नाही. शिवाय यंत्राने पातं ओढून भिरकावलं तर ते कुठे जाईल सांगता येत नाही.

म्हणून धोकटी भरताना एकच कसोटी: हे काम परक्या माणसाच्या टेबलावर, हाताने, घाण न करता होईल का? नवीन मूठ घडवणं, धारेतली मोठी खाच घासून काढणं, खोल खड्डे पडलेलं पातं आरशासारखं करणं ही तीन कामं मी बाहेर घेतच नाही. ती सोडली की धोकटीतलं निम्मं ओझं आपोआप उतरतं.

आधी बघायची हत्यारं

सगळ्यात वर, पटकन हाताला लागेल असं, भिंग ठेवा. 10 पटीचं पुरतं, दिवा असलेलं असेल तर उत्तम. 30-40 पटीचं दुसरं असलं तर धार लावताना उपयोगी पडतं. भिंगातून आधी शोधायची ती धारेला काटकोनात गेलेली चीर. केसाएवढी असली तरी तो वस्तरा परत करायचा; चीर घासून जात नाही, वाढते. डोळ्याला शंका आली तर कापसाचा बोळा पाठीकडून धारेकडे हलकेच ओढा, तंतू अडकतात तिथे पुन्हा बघा. मग गंजाचे खड्डे. पात्याच्या अंगावर असले तर राहू द्या, ते नुसते म्हातारपण आहे. अगदी धारेवर आले असतील तर धार लावताना तिथूनच टवके उडणार.

दुसरी वस्तू व्हर्नियर कॅलिपर, प्लास्टिकचा चालेल. पाठीची जाडी आणि पाठ ते धार अंतर मोजा. पाठ 5 मिमी आणि रुंदी 18 मिमी असेल तर धारेचा कोन साधारण 16 अंशांचा येतो. पाठीवर इलेक्ट्रिकल टेपचा एक थर (सुमारे 0.15 मिमी) दोन्ही बाजूंना आला की त्यात जवळजवळ एका अंशाची भर पडते. वस्तरा दगडावर पाठ टेकवूनच घासला जातो, त्यामुळे कोन तुमच्या हातात नसतो, पात्याच्या मापात असतो. रुंदी झिजून कोन 20च्या पुढे गेला असेल तर कितीही घासा, दाढी ओढल्यासारखीच होणार. उलट कुणी टेप न लावता पाठच घासून टाकली असेल तर कोन फार लहान होतो आणि धार चुरते. तिथे टेप कामाला येते. म्हणून टेपचं रीळ धोकटीत हवंच.

मूठ बघताना नाकही वापरा. जुन्या सेल्युलॉइडला (जुन्या काळच्या एका प्लास्टिकला) कापराचा वास येतो, तोपर्यंत ठीक. वास आंबट, झोंबणारा झाला, मूठ चिरफाळली आणि पात्यावर गंज नेमका मुठीत बसणाऱ्या भागावरच असला, तर सेल्युलॉइड सडतंय आणि त्याची आम्लयुक्त वाफ पोलाद खातेय. असा वस्तरा इतरांबरोबर बंद पेटीत ठेवू नका, बाकीचेही गंजतील. आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं, त्यामुळे त्याच्याजवळ कसलीही आच नको. पांढऱ्या मुठीवर बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या दिसल्या तर ते हाड. कडेच्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दिसल्या तर हस्तिदंत. मग तो वस्तरा सीमेपार नेण्याचा विचार सोडा. आफ्रिकी हत्तीच्या दंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचा निर्णय साइटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात 1989 साली झाला, आणि जुन्या वस्तूंनाही कागदपत्रं लागतात.

सफाई

70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, नायट्राइल हातमोजे, मास्किंग टेप, बुचाचा ठोकळा. वस्तरा कुणाच्या गालावरून आलाय ते आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा आधी निर्जंतुक, मग बाकीचं. अल्कोहोल पात्याला लावा, मुठीला नको. लाखेचा किंवा सेल्युलॉइडचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो.

धारेवर मास्किंग टेप दुमडून लावा. मग 0000 क्रमांकाची स्टील वूल आणि थोडं तेल. त्याने नाही भागलं तर 600, 1000, 2000चे वॉटरपेपर, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून. पातं लाकडाच्या फळीवर आडवं दाबून धरा आणि हात पाठीकडून धारेकडे न्या, बाहेर जाऊ द्या. धारेकडून पाठीकडे कधीच नाही. लाल गंज काढा, काळसर करडा थर असू द्या, तो पोलादाला राखतो. पात्यावर सोनेरी मुलाम्याची अक्षरं असतील तर तिथे पॉलिश फिरवू नका. दोन-चार हातांत सोनं उडतं आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बघतं.

मुठीच्या दोन पट्ट्यांमधला गंज ही खरी डोकेदुखी. त्यासाठी बुटाची सुती नाडी ठेवा. तिला पॉलिश लावून पट्ट्यांच्या फटीतून ओढत राहिलं की पिनेभोवतीची घाण निघते आणि पिन काढायची वेळच येत नाही.

पिनेचा संच

पिन काढायची घाई करू नका. पातं ढिलं हलत असेल तर बहुतेक वेळा दोन-चार टकटकींत काम होतं. 100-115 ग्रॅमची गोल डोक्याची हातोडी आणि ऐरण म्हणून तळहातात मावेल असा पोलादी ठोकळा, बस. पिनेच्या डोक्यावर गोल बाजूने अगदी हलके ठोके, एका बाजूला थोडे, मग वस्तरा उलटून दुसऱ्या बाजूला. प्रत्येक फेरीनंतर पातं मिटून बघा, मधोमध बसतंय का. जोर लावला की पिन मुठीच्या आत वाकते आणि मूठ भोकापाशी फाटते.

काढावीच लागली तर आधी बारीक कानशीने पिनेचं डोकं सपाट करा, नंतर हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने मध्यात खळगा पाडा, मग 1.5 मिमीच्या पोगराने (पिन ठोकून काढायच्या बारीक सळईने) बाहेर ढकला. खाली भोक असलेला लाकडी ठोकळा हवा, नाहीतर मूठ अधांतरी राहते. डोकं न काढता थेट पोगर मारणं म्हणजे मूठ फोडायची हमी.

बदली पिनेसाठी 1.6 मिमी जाडीची पितळी किंवा जर्मन सिल्व्हरची तार, सोबत छोटे वॉशर आणि तार कापायची पक्कड. वॉशरच्या वर जेमतेम 1 मिमी तार ठेवा. जास्त ठेवली तर डोकं गोल न होता आडवं पडतं. माझी सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र 0-80 मापाचे स्क्रू आणि नट. त्यांची जाडी सुमारे 1.5 मिमी, म्हणजे पिनेच्याच भोकात बसतात. पक्की पिन ठोकण्याआधी त्यांनी वस्तरा जोडा, पातं मिटून बघा, वॉशर बदला, पुन्हा बघा. रात्रीपुरतं काम तसंच सोडून सकाळी पिन ठोकली तरी चालतं.

धार

दगडांचा पूर्ण संच घेऊन फिरणं मूर्खपणा आहे. एकेक दगड किलोच्या घरात जातो. मी 1000 ग्रिटचा (आकडा मोठा तितका दाणा बारीक) अर्ध्या लांबीचा एकच दगड नेते, पाणी शिंपडलं की लगेच वापरता येणारा, भिजत घालावा न लागणारा. तो सपाट करायला 400ची लहान डायमंड प्लेट. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि प्लेटवर घासा. रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला.

त्यापुढचं सगळं लॅपिंग फिल्मवर, म्हणजे घासणाऱ्या बारीक दाण्यांचा थर असलेल्या पातळ प्लास्टिकवर. 12, 5, 3 आणि 1 मायक्रॉन, प्रत्येकी चार-पाच पट्ट्या, सगळ्या मिळून एका पाकिटात मावतात. खाली 75 × 200 मिमीची जाड अॅक्रिलिकची सपाट पट्टी. तिच्यावर पाण्याचे थेंब टाकून फिल्म पसरा, ती चिकटून बसते. मधे वाळूचा एक कण राहिला तरी फिल्मवर उंचवटा येतो आणि धार तिथे आपटते, म्हणून पट्टी आधी ओल्या कपड्याने पुसा, मग बोटाने तपासा.

खरी मेहनत 1000च्या दगडावर. बेव्हलवर, म्हणजे धारेच्या उतारावर, मार्करने रंग द्या, पातं सपाट टेकवून धार पुढे ठेवत चार हात मारा. रंग जिथे शिल्लक राहिला तिथे दगड पोचत नाही. दोन्ही बाजूंचा रंग टाचेपासून (धारेच्या मुठीकडच्या टोकापासून) पुढच्या टोकापर्यंत जाईस्तोवर पुढे सरकू नका. धार वर करून दिव्याखाली धरा. एखादा चमकणारा ठिपका दिसला तर तिथे ती अजून बोथट आहे. इथे कंटाळा केला तर 1 मायक्रॉनची फिल्म फक्त बोथट धारेला पॉलिश करेल. फिल्मवर हाताचं वजन टाकायचं नाही, पात्याचं तेवढं पुरे.

शेवटी धार परजायचा, टांगायचा लांब चामडी पट्टा अडकवायला परक्या घरात आकडा मिळेलच असं नाही. त्यापेक्षा एका बाजूला चामडं, दुसऱ्या बाजूला सुती कापड लावलेली पंचवीसेक सेंटिमीटरची लाकडी फळी बरी. आधी कापडावर वीसेक हात, मग चामड्यावर पन्नासेक. इथे मात्र पाठ पुढे, आणि वळवताना पातं पाठीवरूनच फिरवायचं.

भरताना

चामड्याची फळी वेगळ्या घट्ट पिशवीत, वॉटरपेपर आणि स्टील वूलपासून लांब. जाड ग्रिटचा एक कण चामड्यात रुतला की प्रत्येक वस्तऱ्याची धार तो ओरखडत राहतो. तेलाची बाटली लहान, सिलिका जेलच्या पुड्या दोन. वस्तरे बांधायला रबरबँड नको, त्यातलं गंधक धातूवर डाग पाडतं. सुती फीत घ्या. विमानाने जाणार असाल तर वस्तरे आणि अणकुचीदार हत्यारं हातातल्या बॅगेत चालत नाहीत, अल्कोहोलच्या बाटलीवरही बंधनं असतात. धोकटी चेक-इन सामानात टाका, बाटली पोचल्यावर विकत घ्या आणि सुट्ट्या पात्यांच्या धारा चिरलेल्या बुचात खोचून ठेवा, कारण तपासणारा माणूस पिशवीत न बघता हात घालतो.